हेडवर पाणी शिंपडून ‘पिस्टन गेलं’ म्हणणाऱ्यांपासून सावध राहा

उन्हाळा लागला की महामार्गालगतच्या काही गॅरेजांमध्ये दुचाकीवाल्यांना लुबाडायचा एक ठरलेला प्रकार चालतो. माझ्यासोबत तो झाला. तुमच्यापैकी कुणाच्या वाट्याला येऊ नये म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

माझी गाडी पल्सर १५०, कार्ब्युरेटरची (पेट्रोल-हवा मिसळणारा भाग), दोन स्पार्क प्लगवाली. मे महिन्यात नागपूरहून अमरावतीला निघालो होतो. ऊन ४५ अंशांच्या घरात. कोंढाळीच्या पुढे गाडीचं पिकअप उतरलं, अ‍ॅक्सिलेटर पिळला तरी ओढेना आणि हेडमधून (इंजिनाच्या सिलेंडरवरच्या झाकणातून) टकटक ऐकू यायला लागली. वाटेत एक गॅरेज दिसलं तिथे थांबलो. मेकॅनिकने ना प्लग काढून पाहिला, ना ऑइल. बाटलीच्या झाकणात पाणी घेतलं आणि हेडवर सोडलं. चर्र झालं, वाफ उडाली.

“पाहा भाऊ, किती तापली आहे! पिस्टन गेलं जी तुमचं. अशीच नेली तर तिवस्याच्या आत जाम होईन.”

या चर्र आवाजाला कुणी घाबरू नका. एअर-कूल्ड इंजिनाला रेडिएटर नसतो, कूलंट नसतं. सिलेंडर आणि हेडवरच्या फिन्समधून, म्हणजे पातळ पात्यांमधून, वारा खेळतो तेव्हा उष्णता बाहेर पडते, बाकीची ऑइल वाहून नेतं. असं इंजिन ठणठणीत असलं तरी चांगलं पळवून आणल्यावर हेड १०० अंशांच्या वर गेलेलंच असतं. त्यावर पडलेलं पाणी उकळणारच. शोरूममधून कालच आणलेल्या गाडीवर थेंब टाकला तरी हेच होईल. त्यावरून पिस्टनबद्दल काहीही कळत नाही. आणि कुणी गाडी ‘थंड करायला’ बादलीभर पाणी ओतायला निघाला तर त्याला तिथेच थांबवा. तापलेलं अ‍ॅल्युमिनियम एकदम आकसलं तर हेडला तडा जाऊ शकतो.

मला पलीकडच्या धाब्यावर बसायला सांगितलं. दुपार कलल्यावर बोलावणं आलं तेव्हा इंजिन काळंभोर चकाकत होतं आणि ट्रेमध्ये खोल चरे पडलेलं एक पिस्टन ठेवलं होतं. ‘हे तुमचं निघालं.’ बिलात ब्लॉक-पिस्टन किट (ब्लॉक म्हणजे ज्यात पिस्टन खालीवर होतं तो सिलेंडर), हेड गॅसकेट, फिन्सना ‘कूलिंग कोटिंग’ आणि ऑइलमध्ये घालायचं ‘कूलिंग टॉनिक’, असे मिळून ७,४०० रुपये. वर सूचना: नवीन किट आहे, पहिले हजार किलोमीटर पन्नासच्या वर नेऊ नका.

सगळ्यात पक्की लबाडी या सूचनेत आहे. नव्या पिस्टनला रनिंग द्यावं लागतं, म्हणजे सुरुवातीला गाडी हळू चालवावी लागते, हे खरंच आहे, त्यामुळे शंका येत नाही. पण गाडी हळू चालवली की इंजिनवर ताणच येत नाही, ती तापतही नाही. गिऱ्हाइकाला वाटतं काम झालं. हजार किलोमीटर होईपर्यंत तो कुठल्या कुठे गेलेला असतो.

माझी गाडी मात्र त्याआधीच क्लच सोडायला लागली. इंजिन ओरडायचं, चाक धावायचं नाही. अमरावतीला ओळखीच्या मेकॅनिककडे नेली आणि त्याने सगळं माझ्यासमोर खोललं. ब्लॉकच्या बुडाशी जुनं ऑइल आणि धूळ बसून दगड झालेला थर होता, बेस गॅसकेटला (ब्लॉकखालच्या पातळ पट्टीला) चिकटून, कुठेही न फुटलेला. ब्लॉक वर उचललाच गेला नव्हता. पिस्टनच्या डोक्यावर कार्बनची जाड खपली, जी नव्या पिस्टनवर इतक्या लवकर धरत नाही. सिलेंडरमध्ये एक चरा नाही. ट्रेमधलं पिस्टन भंगारातून आणलेलं, कुणा दुसऱ्याच्याच गाडीचं.

‘कोटिंग’ म्हणजे साधा ऑइलपेंट. कंपनीतून येणारा काळा रंग पातळ असतो, त्याने काही बिघडत नाही. इथे मात्र थरावर थर देऊन फिन्समधल्या फटी काही ठिकाणी बुजवून टाकल्या होत्या. म्हणजे वारा जायची वाट बंद करायचे पैसे घेतले! ‘टॉनिक’ने क्लच खाल्ला. आपल्या बहुतेक मोटरसायकलींत क्लच प्लेटा इंजिन ऑइलमध्येच बुडालेल्या असतात. घर्षण कमी करणारं काहीही त्या ऑइलमध्ये पडलं की त्या घसरू लागतात. म्हणूनच डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (असा क्लच न घसरवणाऱ्या ऑइलची खूण) लिहिलेलं, मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचं ऑइल घ्यावं, आणि वरून एक थेंबही काही घालू देऊ नये.

खरा आजार वेगळाच होता. दोन्ही प्लगची टोकं खडूसारखी पांढरी पडली होती, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी आणि हवा जास्त. अशा मिश्रणावर इंजिन भयंकर तापतं. कार्ब्युरेटर आणि हेडमधलं रबर मेकॅनिकने बोटाने वाकवलं तशी खालच्या बाजूची भेग उघडली. फुकटची हवा तिथून आत जात होती. एक्झॉस्टचा टॅपेट, म्हणजे धूर बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह उघडणारा भाग, तोही घट्ट झाला होता. व्हॉल्व्हची उष्णता सीटला टेकल्यावर उतरते. तो पूर्ण बसलाच नाही तर तापतच राहतो. रबर, टॅपेट आणि प्लग यांचा खर्च हजाराच्या आत आटोपला. क्लच प्लेटा आणि खराब झालेलं ऑइल यांचा भुर्दंड वेगळा.

रस्त्यात गाडी तापून ओढेनाशी झाली तर आधी सावलीत बंद करून उभी करा. इंजिन चालू ठेवून ती थंड होत नाही, कारण उभ्या गाडीला वाराच मिळत नाही. गार झाल्यावर ऑइलची पातळी बघा, फिन्समध्ये चिखल बसलाय का बघा आणि प्लग काढून त्याचा रंग बघा. मेकॅनिक इंजिन खोलायचंच म्हणाला तर समोर उभं राहा. तापलेल्या इंजिनाला कुणी लगेच पाना लावत असेल तर गाडी घेऊन तिथून निघा. नव्या किटचं खोकं आणि जुना ब्लॉक, दोन्ही मागून घ्या. जुना ब्लॉक तुमचाच आहे, ‘कशाला नेता’ म्हणाला तरी न्या.

मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या नंबरवर, तक्रार नोंदवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, तिथेही जाणार आहे. अडचण एवढीच की बिलावर गॅरेजचं नाव नाही, शिक्का नाही, जीएसटी नंबर नाही; वहीच्या कागदावर नुसते आकडे. पैसे यूपीआयने दिले होते, त्याची नोंद आणि अमरावतीत खोलताना काढलेले फोटो जोडून अर्ज तयार केलाय.