आपल्या जागेवर बांधायचं, कर्जावर फ्लॅट घ्यायचा की योजनेतल्या इमारतीत जायचं?

बेळगावात घराचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो, ‘सबसिडी किती मिळते?’ माझ्या मते आधी उतारा बघावा, मग पोटाचा धंदा आणि शेवटी सबसिडी.

प्रधानमंत्री आवास योजनेचा शहरी भाग २०१५ चा. त्याचा दुसरा टप्पा १ सप्टेंबर २०२४ पासून चालू आहे. लक्ष्य पाच वर्षांत एक कोटी कुटुंबांचं. कुटुंबाच्या नावावर देशात कुठंही पक्कं घर नसावं, ही अट सगळ्यांना आहे. मात्र कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि बिनलग्नाची मुलं. वडिलांच्या घरात राहणारा लग्न झालेला मुलगा त्यामुळे वेगळं कुटुंब ठरतो, आणि आपल्याकडे हीच गोष्ट कामाची आहे. केंद्राच्या तांत्रिक गटानं २०१२ साली शहरांत १ कोटी ८७ लाख ८० हजार घरं कमी असल्याचा अंदाज काढला, त्यातला मोठा वाटा दाटीचा होता. जोडप्याला स्वतंत्र खोली नाही ते घर दाटीचं, असा त्यांचा निकष. वडगाव-खासबागेत पुढच्या सोप्यात माग, मागं चूल आणि मध्ये दोन भावांचे संसार असलेलं घर या हिशेबात चपखल बसतं.

अशा विणकर घराला मी तरी आपल्या जागेवर बांधायलाच सांगेन. वर्षाचं उत्पन्न ३ लाखांपर्यंत हवं. केंद्राचे दीड लाख, राज्याचे किमान एक लाख, आणि तेही कामाच्या टप्प्याप्रमाणे, जागेच्या नोंदीसह फोटो चढवल्यावर हप्त्यानं. घराचं चटईक्षेत्र (भिंतींच्या आतली वापराची जागा) ३० ते ४५ चौरस मीटर, म्हणजे साधारण ३२३ ते ४८४ चौरस फूट. चौरस फुटाला १,८०० रुपये धरले तर लहानातलं लहान घरही ५ लाख ८० हजारांवर जातं. वरचे सव्वातीन लाख कुठून आणायचे ते पाया खणायच्या आधी ठरवा, नाहीतर भिंती उभ्या राहतात आणि स्लॅब राहतो.

खरी अडचण जागेच्या नावाची. नुसत्या बाँडवर, नोंदणी न करता घेतलेला प्लॉट, एनए (बिगरशेती) न झालेली जमीन, आजोबांच्या नावावरच राहिलेला उतारा यांतलं काही असेल तर अनुदानाचा अर्ज नंतर. आधी वाटणीपत्र किंवा बक्षीसपत्र करून महापालिकेत खाता (मालमत्तेची नोंद) स्वतःच्या किंवा बायकोच्या नावावर करून घ्या. वारसाहक्कानं जुन्या पक्क्या घराच्या उताऱ्यावर तुमचंही नाव चढलेलं असेल, तर ते पात्रतेच्या आड येतं का हे आधीच विचारा. कागद कन्नडमध्ये असतात, तेव्हा सही करण्याआधी वाचून दाखवणारा माणूस बरोबर न्या.

पगारदार माणसाला कर्जाचा रस्ता सोपा. उत्पन्नाची मर्यादा ९ लाख, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत. पहिल्या ८ लाखांवर १२ वर्षांपर्यंत ४ टक्के व्याजसवलत, पण हातात जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, तेही पाच वार्षिक हप्त्यांत. कर्ज लवकर फेडायची घाई असणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: सवलतीचा हप्ता येताना कर्जाचं मुद्दल निम्म्याहून जास्त बाकी असावं लागतं. टिळकवाडीतल्या दरांत ३५ लाखांची मर्यादा आखूड पडते, त्यामुळे शोध शहराच्या कडेलाच न्यावा लागतो.

तिसरा मार्ग म्हणजे सरकारी किंवा भागीदारीतल्या प्रकल्पातलं तयार घर. उत्पन्नाची मर्यादा इथंही ३ लाखच. ज्याच्याकडे जागाच नाही त्याला हा बरा. पण त्या मापाच्या घरात माग बसत नाही, आणि शिलाई मशीनसुद्धा खिडकीशी लावावं लागतं. इमारत बाजारापासून लांब असेल तर बस किंवा रिक्षाचं महिन्याचं भाडं मांडून बघा. भाड्याच्या घरांचाही एक भाग या योजनेत आहे, पण स्वतःचं घर हवं असणाऱ्यानं त्यात अडकू नये.

राज्याची वाजपेयी नगर वसती योजनाही आहे. तिथं शहरातली निवड आमदारांच्या अध्यक्षतेखालची आश्रय समिती करते, म्हणून अर्जाची पोच जपून ठेवा. खानापूर-निपाणीकडच्यांनी आपली जागा नगरपंचायत-नगरपालिकेच्या हद्दीत येते की ग्रामपंचायतीच्या, ते आधी पाहावं. ग्रामीण योजना वेगळी आणि तिचा अर्जही वेगळा.