इंडक्शन शेगडीचे प्रात्यक्षिक आणि आमची फसवणूक

नाशिकमध्ये आमच्या भागातल्या एका मंगल कार्यालयात ‘कारखान्यातून थेट ग्राहकाला’ अशी जाहिरात करून गृहोपयोगी वस्तूंची विक्री लागली होती. तेथून माझ्या सासूबाईंनी आणि आमच्या सोसायटीतल्या आणखी काही कुटुंबांनी इंडक्शन शेगड्या विकत घेतल्या आणि त्या सर्वांचीच फसवणूक झाली. विक्रेत्याविरुद्ध तक्रार दाखल झाली असल्याने त्याचे नाव येथे लिहीत नाही. अशा विक्री एका गावात चार-आठ दिवस चालतात आणि मग दुसऱ्या गावी जातात. नावे बदलत राहतात, पण फसवण्याची रीत तीच असते, म्हणून ती रीत समजून घेणे मला अधिक गरजेचे वाटते.

विक्रेत्याने शेगडीच्या काचेवर वर्तमानपत्राचा कागद पसरला, त्यावर पाण्याचे पातेले ठेवले आणि पाणी उकळून दाखवले. कागद जळला नाही. पातेले उचलताच शेगडी आपोआप थांबली, अ‍ॅल्युमिनियमचे भांडे ठेवल्यावर ती सुरूच झाली नाही, आणि पातेल्याशेजारी काचेवर त्याने स्वतःचा तळहात टेकवून दाखवला. “मावशी, नातवंडांचा हात लागला तरी भाजणार नाही,” असे त्याने सासूबाईंना सांगितले. हे शेवटचे वाक्य सोडले, तर त्याने दाखवलेले सारे खरे होते, आणि फसवणुकीचे मूळ नेमके येथेच आहे. इंडक्शन शेगडीत काचेखालच्या कॉइलमधून, म्हणजे तारेच्या वेटोळ्यातून, उच्च वारंवारतेचा विद्युतप्रवाह वाहतो, त्याच्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे लोखंडी भांड्याच्या बुडात प्रवाह निर्माण होतो आणि उष्णता भांड्यातच तयार होते. पाणी असलेल्या भांड्याचे बूड साधारण शंभर अंशांच्या आसपास राहते, तर कागद पेटायला दोनशे अंशांहून अधिक तापमान लागते, त्यामुळे कोणत्याही कंपनीच्या, कोणत्याही किमतीच्या शेगडीवर हा प्रयोग यशस्वी होणारच. प्रात्यक्षिकात आम्हाला इंडक्शनचे तत्त्व दाखवले गेले. जे यंत्र आमच्या हाती द्यायचे होते, त्याच्याविषयी मात्र त्यातून काहीच कळत नव्हते. लहान मुलांविषयीचे त्याचे विधान तर धोकादायक आहे, कारण तापलेल्या भांड्याखालची काच भांडे उचलल्यानंतरही बराच वेळ चटका बसण्याइतकी गरम राहते.

एका शेगडीत आणि दुसऱ्या शेगडीत खरा फरक असतो तो प्रत्यक्ष वॉटमध्ये, कॉइलच्या आकारात, मंद आच कशी सांभाळली जाते यात आणि वायर, पंखा व आतल्या सुट्या भागांच्या दर्जात. यांपैकी एकही गोष्ट त्या दिवशी दाखवली गेली नाही.

शेगडीवर २००० वॉट असे ठळक छापलेले होते, पण तिची पिन मात्र ६ अँपिअरची, साध्या सॉकेटमध्ये बसणारी होती. “वेगळा पॉवर पॉइंट काढायची गरज नाही,” असे सांगून विक्रेत्याने ती मोठी सोय म्हणून खपवली. आपल्याकडे घरात २३० व्होल्टचा पुरवठा असतो, म्हणजे २००० वॉटच्या उपकरणाला पावणेनऊ अँपिअरच्या आसपास प्रवाह लागतो आणि त्यासाठी १६ अँपिअरचा सॉकेट आवश्यक ठरतो. ६ अँपिअरच्या पिनेतून फार तर १३८० वॉट सुरक्षितपणे घेता येतात. त्यामुळे पिन आणि छापलेला आकडा यांपैकी एक गोष्ट निश्चित खोटी असते, आणि हे खोके उघडताच, शेगडी सुरू न करताही, कोणालाही दिसू शकते.

खोटा होता तो आकडा. घरातली इतर सर्व उपकरणे बंद करून, शेगडी सर्वांत मोठ्या आचेवर ठेवून मी विजेच्या मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा पाहिला. मीटरवर एका युनिटला किती लुकलुकी होतात ते छापलेले असते आणि आमच्या मीटरवर तो आकडा ३२०० आहे. शेगडी खरोखर २००० वॉटची असती तर मिनिटाला सुमारे १०६ लुकलुकी व्हायला हव्या होत्या, प्रत्यक्षात त्या ६० ते ६५ च्या पुढे गेल्या नाहीत. म्हणजे हातात आलेली शेगडी १२०० वॉटच्या आसपासची होती. पाण्यावरूनही हे ताडता येते. २००० वॉटवर नळाचे एक लिटर पाणी उकळायला सव्वातीन मिनिटांच्या आसपास वेळ लागतो, १२०० वॉटवर पाच मिनिटांहून अधिक. प्रात्यक्षिकाच्या वेळी पातेल्यात जेमतेम एक पेलाभर पाणी होते आणि ते शेजारच्या थर्मासमधून ओतलेले होते, ही गोष्ट सोसायटीतल्या एका काकूंनी नंतर आठवून सांगितली. म्हणून पाणी नळाचे असावे, मोजून घेतलेले असावे आणि जे खोके आपण घरी नेणार आहोत तेच उघडून त्यातली शेगडी लावून दाखवावी, असा आग्रह धरण्यात कोणताही संकोच बाळगू नये.

स्वयंपाकातला खरा त्रास कॉइलच्या आकारामुळे झाला. काचेवर काढलेले वर्तुळ चांगले मोठे होते, पण खालची कॉइल त्याहून बरीच लहान निघाली. तव्यावर भाकरी टाकली की मधोमध करपायची आणि कडा कच्च्याच राहायच्या. मंद आचेचे बटण दाबल्यावर शेगडी खऱ्या अर्थाने मंद होत नव्हती. ती काही सेकंद पूर्ण जोराने चालायची आणि काही सेकंद बंद राहायची, त्यामुळे दूध उतू जायचे आणि खीर बुडाला लागायची. स्वस्त शेगड्यांमध्ये हा दोष सर्रास आढळतो. विकत घेण्यापूर्वी पातेल्यात थोडे पाणी घेऊन सर्वांत कमी आचेवर ठेवावे. उकळी सलग येते की येऊन थांबते, हे पाहिले की यंत्राचा दर्जा लगेच कळतो.

शेगडीबरोबर ‘मोफत’ म्हणून दिलेली भांडी ही प्रात्यक्षिकातली भांडी नव्हती. ती पातळ अ‍ॅल्युमिनियमची होती आणि बुडाला नाममात्र पत्रा चिकटवलेला होता, जो काही आठवड्यांतच सुटू लागला. फ्रिजवर लावायचे साधे चुंबक बरोबर न्यावे. ते भांड्याच्या बुडाला सगळीकडे घट्ट चिकटले तरच ते भांडे इंडक्शनवर चालेल. घरातल्या भांड्यांनाही हीच कसोटी लावून पाहावी, कारण जुना अ‍ॅल्युमिनियमचा कुकर, पितळी पातेली आणि स्टीलचीही बरीच भांडी या शेगडीवर चालत नाहीत आणि नव्या भांड्यांचा खर्च शेगडीच्या किमतीत धरावाच लागतो.

गॅसची साठ टक्के उष्णता वाया जाते, हे विक्रेत्याचे सांगणेही दिशाभूल करणारे होते. घरगुती गॅस शेगडीच्या भारतीय मानकाप्रमाणे तिची औष्णिक कार्यक्षमता किमान ६८ टक्के असावी लागते. रोजच्या वापरात ती कमी होते हे खरे, तरीही १४.२ किलोच्या एका सिलिंडरचे काम विजेवर करायचे तर शंभर ते दीडशे युनिट लागतील आणि महिन्याला १०० युनिटांच्या पुढे महावितरणचा दर बराच वाढतो. इंडक्शन शेगडी चांगली नसते असे मी मुळीच म्हणत नाही. चांगल्या शेगडीमुळे उन्हाळ्यात स्वयंपाकघर थंड राहते, घरात एकट्या असणाऱ्या वृद्धांना ज्योतीची भीती राहत नाही. परंतु ‘महिन्याला दीडशे रुपयांत सगळा स्वयंपाक’ या विक्रेत्याच्या आश्वासनावर विसंबून ती घेऊ नये.

कागदपत्रांतही तीच फसवणूक होती. पावती म्हणून दिलेल्या कागदावर ‘अंदाजपत्रक’ असे शीर्षक होते. त्यावरच्या जीएसटी क्रमांकाची सुरुवात ०७ ने, म्हणजे दिल्लीच्या संकेतांकाने होत होती, तर विक्रेता स्वतःला पुण्याचा कारखानदार म्हणवत होता. महाराष्ट्रातल्या नोंदणीचा क्रमांक २७ ने सुरू होतो, आणि कोणताही क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला की नोंदणी चालू आहे की रद्द झाली आहे ते दिसते. हा क्रमांक रद्द झालेला होता. खोक्यावर आयएसआय चिन्ह होते, पण त्याच्या वर मानकाचा क्रमांक नव्हता आणि खाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांकही नव्हता. खरा परवाना क्रमांक असेल तर तो ‘बीआयएस केअर’ या अ‍ॅपवर टाकून परवानाधारकाचे नाव तपासता येते. कमाल किरकोळ किमतीवर दुसऱ्या, मोठ्या रकमेची चिकटपट्टी लावून मग ‘निम्म्या किमतीत’ असे सांगितलेले होते.

शेगडी पहिल्या पावसाळ्यातच बंद पडली. ती उघडणाऱ्या तंत्रज्ञाने कॉइलच्या तारेवरचे आवरण खरवडून दाखवले, तेव्हा आत तांब्याऐवजी अ‍ॅल्युमिनियम होते. वॉरंटी कार्डावरचा फोन बंद होता आणि सेवा केंद्राच्या पत्त्यावर तसे दुकानच नव्हते. मंगल कार्यालयाच्या व्यवस्थापकांकडून मात्र जागा आरक्षित करणाऱ्याचा पत्ता मिळाला आणि त्यावर आम्ही लेखी नोटीस पाठवली. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे गेलो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे विक्रेता कुठलाही असो, ग्राहकाला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही, तक्रार करण्याची मुदत दोन वर्षांची आहे, आणि एकाच प्रकारे नुकसान झालेल्या अनेकांना आयोगाच्या परवानगीने मिळून एकच तक्रार दाखल करता येते. आमची तक्रार अशीच एकत्रित आहे आणि तिची सुनावणी अजून व्हायची आहे. अशा विक्रीतून ज्यांनी शेगडी घेतली आहे, त्यांनी खोके, त्यावरची चिकटपट्टी, ‘अंदाजपत्रक’, पैसे दिल्याचा यूपीआयचा संदेश आणि जाहिरातीचे पत्रक यांपैकी काहीही टाकून देऊ नये. तंत्रज्ञाने उघडलेल्या शेगडीची छायाचित्रे आणि त्याचे लेखी मतही घेऊन ठेवावे.