400 रुपयांचा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही, अपोलोचं कन्सोल आणि ती शिट्टी (7 महिने वापरून)

अपोलो मोहिमांच्या कंट्रोल रूममधल्या कन्सोलची नक्कल मी घरी एका जुन्या टीव्हीवर केलीय, त्यावर कॉम्प्युटरवरचं खोटं उड्डाण चालतं. गेल्या रविवारी टी मायनस 3 मिनिटं 7 सेकंदाला (म्हणजे उड्डाणाला तेवढा वेळ असताना), सॅटर्न 5 या अपोलोच्या रॉकेटचा ऑटोमॅटिक सीक्वेन्सर (शेवटची तयारी आपोआप करणारी यंत्रणा) सुरू होतो नेमकं तिथंच, टीव्ही टप् करून गेला. आतल्या खोलीतून लेक ओरडली, "बाबा, शिट्टी थांबली!"

टीव्ही चालू असताना येणारी ही बारीक शिट्टी मला कधीच ऐकू आली नाही. पाल (आपल्याकडच्या पद्धतीच्या) टीव्हीची लाइन फ्रिक्वेन्सी, म्हणजे पडद्यावर ओळी आखायचा वेग, 15,625 हर्ट्झ, शिट्टीचा सूरही तोच, चाळिशीनंतर तेवढं वरचं बऱ्याच जणांना ऐकू येत नाही. लेकीला मात्र सात महिने अभ्यास करताना डोक्यात जायची आणि मला वाटायचं नाटकं करतेय, तर एकदा पाठमोरी बसवून दहा वेळा टीव्ही चालू-बंद केला, दहाही वेळा बरोबर. मग हार मानली.

सेटअप साधा आहे. लॅपटॉपवर ऑर्बिटर (अंतराळ उड्डाणाचा सिम्युलेटर), तिथले आकडे वायफायने रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर, तिथून कंपोझिटने (साध्या एव्ही केबलने) कळव्याच्या भंगारवाल्याकडून आणलेल्या 14 इंची टीव्हीत. ही केबल विकणाऱ्या दुकानदाराशी मात्र भांडण झालं. चार पट्ट्यांची जॅक म्हणून दिली, ग्राउंडच भलत्या जागी. "सगळ्या सेमच असतात साहेब" म्हणे. 150 रुपये गेले ते गेलेच. आणि हो, पायच्या सिग्नलमधला कलरबर्स्ट (रंगासाठीचा भाग) बंद करा! नाहीतर अक्षरांच्या कडांना मुंग्या चालल्यासारखं दिसतं. एक पिक्सेलच्या आडव्या रेघाही टाळा, इंटरलेसमुळे (टीव्ही एक आड एक ओळी दाखवतो त्यामुळे) थरथरतात, मी सगळ्या दोन पिक्सेलच्या केल्या.

पडद्यावरच्या पानाची पद्धत ह्यूस्टनवाल्यांचीच (नासाच्या मिशन कंट्रोलची) उचलली. त्यांच्याकडे चौकटी नि मथळे स्लाइडवरून यायचे, आकडे आयबीएम 360/75 कॉम्प्युटरकडून, आणि दोन्ही एकत्र करून कन्सोलच्या टीव्हीवर. माझ्याकडे स्लाइडच्या जागी एक पीएनजी (चित्राची फाइल). काउंटडाउनचं पान मात्र माझ्या मनाचं, कारण लाँच फ्लोरिडातल्या केनेडी स्पेस सेंटरच्या फायरिंग रूममधून (लाँचच्या कंट्रोल रूममधून) व्हायचं, तिथे मीटर नि दिवेच जास्त. रॉकेटने टॉवर ओलांडला की ताबा ह्यूस्टनकडे, तसं माझंही पान बदलतं.

मध्यंतरी लेकीच्या शिट्टीच्या तक्रारीला कंटाळून 1,100 ला जुना 17 इंची चौकोनी एलसीडी आणला. तेव्हा एका मित्राला ठणकावून सांगितलं होतं की सीआरटी (जुना पिक्चर ट्यूबवाला टीव्ही) म्हणजे निव्वळ हौस. शब्द मागे घेतो. एलसीडीवर अक्षर स्वच्छ, पण ते एक्सेल वाटतं हो. ट्यूबच्या फॉस्फरवर (काचेच्या आतल्या चमकणाऱ्या लेपावर) आकडा बदलताना जुना क्षणभर रेंगाळतो, ती मजा त्यात नाही. पंधरा दिवसांत एलसीडी लेकीच्या टेबलावर गेला (तिचा फायदा).

रविवारी गेलेला टीव्ही बघून दुरुस्तीवाले काका म्हणाले, ईएचटी (ट्यूबला हाय व्होल्टेज देणारा ट्रान्सफॉर्मर) गेलाय, पार्ट मिळत नाही, एलईडी घ्या. नौपाड्यातले दुसरे काका मात्र दोन दिवसांनी कुठल्यातरी मेलेल्या सेटमधून काढून घेऊन आले, 650 रुपये. टीव्हीपेक्षा दुरुस्ती महाग, बायकोने तोंडातून शब्द काढला नाही, नुसतं बघितलं.

आता चालतोय, पण बंद असतानाही काचेवर मथळे पुसट दिसतात. सात महिने तेच पान फुल ब्राइटनेसला ठेवल्याचा परिणाम, चूक माझी. तुम्ही ब्राइटनेस अर्ध्यावर ठेवा. आणि कुणाच्या माळ्यावर एव्ही इनपुटवाला ब्लॅक अँड व्हाइट पडून असेल तर कळवा, वाशी ते कल्याण कुठेही येऊन घेऊन जाईन, 400 च्या वर देणार नाही.