कोरे, शिक्क्याचे की पाकिटावरचे? पहिले महागडे टपाल तिकीट घेताना

ब्रिटनचे १८४० चे पेनी ब्लॅक हे जगातले पहिले टपाल तिकीट सुमारे ६ कोटी ८८ लाख छापले गेले. आजही ते विकत मिळायला अडचण नाही. तरी एका पेनी ब्लॅकच्या आणि दुसऱ्याच्या भावात अनेक पट अंतर पडते. गोंदासकट कोरे सर्वात वर, साधे शिक्क्याचे बरेच खाली, आणि मूळ पत्रावर टिकून राहिलेले कुठेही, म्हणजे पत्र कोणते यावर. पैसे एकाच चांगल्या तिकिटापुरते असतील, तर यातले कोणते रूप घ्यायचे हे आधी ठरवावे लागते. तिन्ही रूपे बाजारात मिळत असल्याने उदाहरणाला पेनी ब्लॅकच सोयीचे आहे.

आमचे मत आधीच सांगतो: पहिली मोठी खरेदी शिक्क्याच्या तिकिटाची असावी. कोऱ्या तिकिटात किमतीचा मोठा वाटा गोंदाचा असतो, आणि तिकिटाच्या सगळ्या अंगांत बनावट करायला सर्वात सोपा गोंदच.

कोरे तिकीट

'कोरे' या एका शब्दाखाली विक्रेते तीन निरनिराळ्या वस्तू विकतात. मूळ गोंद शाबूत आणि कधीही हिंज न लागलेले. मूळ गोंद आहे पण हिंजची खूण राहिलेली. आणि शिक्का नाही, पण गोंदही नाही. तिन्हींच्या भावांत मोठी दरी असते. हिंज म्हणजे अल्बममध्ये तिकीट अडकवायची गोंद लावलेली कागदी पट्टी. कित्येक पिढ्यांनी ती बिनदिक्कत वापरली, त्यामुळे १९०० च्या आधीचे तिकीट 'हिंज कधीच न लागलेले' म्हणून समोर आले की शंका आधी घ्यावी, आनंद नंतर. अमेरिकेच्या १९१८ च्या, विमान चुकून उलटे छापलेल्या २४ सेंटच्या तिकिटाचे १०० चे एकच पान बाहेर पडले होते. त्यातले ४९ क्रमांकाचे तिकीट कधी हिंजला लागलेच नाही. २०२३ मध्ये ते २० लाख डॉलरवर गेले, आणि त्या भावात त्या स्वच्छ पाठीचा वाटा मोठा होता.

दातेरी तिकिटावर गोंद नवा चढवला आहे का, हे दात्यांवर कळते. मुळात कागदाला गोंद आधी लागतो आणि छिद्रे नंतर पडतात. तिकीट फाडून वेगळे केले की दात्याच्या टोकाला कागदाचे मऊ, पांढरे, मोकळे तंतू राहतात. नंतर लावलेला गोंद याच तंतूंत मुरतो, टोके कडक होतात आणि बोटाला हलकेच टोचतात. तिकीट पालथे ठेवून दहापट भिंगाखाली बाजूने प्रकाश टाका. टोकांवर गोंदाची चकाकी दिसली, तंतू एकमेकांना चिकटलेले दिसले, तर तिकीट परत करा. पेनी ब्लॅकला मात्र दातेच नाहीत. ते कात्रीने कापून विकले जायचे, म्हणून ही कसोटी तिथे लागू पडत नाही आणि गोंदाचा निकाल तज्ज्ञांवरच सोपवावा लागतो.

दुसरी लबाडी त्याहून जुनी आहे. पेनी ब्लॅकवर सुरुवातीला लाल शाईचा माल्टीज क्रॉस, म्हणजे क्रुसाच्या आकाराचा शिक्का, मारत. ही शाई पुसून लोक तिकीट दुसऱ्यांदा वापरू लागले, म्हणून १८४१ मध्ये तिकीटच तांबूस छापायचे आणि शिक्का काळा मारायचा असे ठरले. ज्या कमजोरीमुळे तेव्हाच्या टपाल खात्याला रंग बदलावा लागला, तीच आज ग्राहकाला भोवते: लाल क्रॉस रसायनाने धुऊन, पाठीला गोंद फासून तिकीट 'कोरे' म्हणून विकले जाते. अतिनील दिव्याखाली बऱ्याचदा क्रॉसचा पुसट आकार उमटतो. काळा रंग राखाडी, विटका झालेला असेल तर तोही इशाराच.

गोंद सांभाळणेही त्रासाचे. दमट हवेत तो पानाला चिकटतो, फार कोरड्या हवेत तडकतो आणि तिकीट वळते. सापेक्ष आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास ठेवावी लागते. क्वचित गोंदच शत्रू निघतो: जर्मनीच्या १९३५ च्या ओस्ट्रोपा पानाच्या (त्या नावाच्या तिकीट प्रदर्शनासाठी काढलेल्या छोट्या पानाच्या) गोंदात सल्फ्युरिक आम्ल होते आणि ते कागद खाऊन टाकते. तिथे गोंद धुऊन काढलेला बरा.

शिक्क्याचे तिकीट

इथे पाठीची चिंता संपते आणि सगळे लक्ष कडांवर जाते. पेनी ब्लॅकच्या २४० तिकिटांच्या पानावर दोन तिकिटांमधली जागा जेमतेम एखाद-दीड मिलिमीटर होती. टपाल कारकुनाची कात्री जराशी कलली की एका तिकिटाची कड गेलीच. म्हणून चारी बाजूंनी मोकळी कड राहिलेले तिकीट तीन कडांच्या तिकिटापेक्षा बरेच महाग असते, आणि म्हणूनच नवी कड जोडायचा उद्योगही चालतो. मूळ तिकीट तासून दुसऱ्या कागदावर बसवतात आणि छपाईच्या रेघा हाताने पुऱ्या करतात.

हे पकडायला वॉटरमार्क, म्हणजे कागद बनवतानाच त्यात उमटवलेली खूण, पाहायचे द्रव वापरा. काळ्या बशीत तिकीट पालथे ठेवून चार-पाच थेंब टाका. जागा पातळ झाली असेल तर ती गडद दिसते, घडीची रेघ उठते, जोडकामाची हद्द उघडी पडते. पेनी ब्लॅकमध्ये प्रत्येक तिकिटामागे छोटा मुकुट दिसायला हवा. मुकुटच नसेल किंवा कडेपाशी कागदाचा पोत बदलत असेल, तर पुढे बघायची गरज नाही. द्रव ज्वालाग्राही असते, खिडकी उघडी ठेवा. ग्रॅव्हूर छपाईच्या तिकिटांवर बेंझिनसारखे द्रव वापरू नका, शाई उतरते. पेनी ब्लॅकची कोरीव छपाई मात्र हे सोसते.

शिक्का हलका आणि स्पष्ट असावा. चित्र झाकून टाकणारा गचाळ शिक्का भाव पाडतो. मागे पूर्ण गोंद आणि पुढे कोपऱ्यात नीटनेटका पाव शिक्का दिसला, तर ते टपालातून गेलेलेच नाही. संग्राहकांसाठी शिक्का मारूनच विकलेला तो माल आहे. पेनी ब्लॅकच्या काळात हा प्रकार नव्हता, पण विसाव्या शतकातल्या तिकिटांत तो ढिगाने भेटतो.

शिक्क्याचे तिकीट स्वस्तच असते, असे धरून चालू नका. जर्मनीत १९२३ च्या महागाईत तिकिटे काही आठवड्यांत निकालात निघायची. कोरे गठ्ठे उरले, खरोखर वापरलेली थोडी राहिली. तिथे भाव उलटा लागतो आणि बनावटही शिक्क्याचीच होते, म्हणून इन्फ्ला बर्लिन या त्या काळातल्या तिकिटांच्या संग्राहक-संस्थेच्या परीक्षकाची खूण नसलेला शिक्का कोणी गंभीरपणे घेत नाही.

पत्रावरचे तिकीट

ज्याला टपालाचा इतिहास आवडतो त्याने सरळ इकडे यावे. बाकीच्यांनी जरा थांबावे, कारण यात तपासणी सर्वात लांबते. १८४० मध्ये एका पेनीत अर्ध्या औंसापर्यंतचे देशांतर्गत पत्र जाई, तेव्हा दर जुळतो का ते आधी पाहा. माल्टीज क्रॉसमध्ये तारीख नसते. तारखेचा शिक्का सहसा पत्राच्या मागच्या बाजूला असतो, म्हणून पाठीचा फोटो न देणाऱ्याकडून घेऊ नका. तिकिटे ६ मे १८४० पासून चालू झाली, पण काही त्याआधीच टपालात पडली. मे महिन्याच्या पहिल्या पाच दिवसांतली पत्रे प्रचंड महाग आहेत आणि तारखेत फेरफार करण्याचा मोह तिथेच होतो.

नेहमीचा सल्ला असा की शिक्का तिकिटावरून पत्रावर उतरलेला असावा, म्हणजे तिकीट मूळचे. पेनी ब्लॅकला हा सल्ला अर्धाच पुरतो. क्रॉस बऱ्याचदा संपूर्ण तिकिटावरच बसतो. अशा वेळी तिकिटाभोवती आधीच्या तिकिटाची पुसट चौकट किंवा जुन्या गोंदाचा डाग राहिला आहे का, हे अतिनील दिव्याखाली पाहा. आणि कितीही मोह झाला तरी पत्रावरून तिकीट भिजवून काढू नका.

ठेवायला मोठी, सरळ पाने लागतात. पत्राची घडी तिकिटावरून जात असेल तर उघड-मीट टाळा. पीव्हीसीच्या पिशव्या कुठल्याच रूपाला चालत नाहीत, त्यांतला मऊपणा आणणारा पदार्थ शाईत शिरतो. पॉलिएस्टरच्या घ्या.

विकताना चार कडांच्या शिक्क्याच्या तिकिटाला गिऱ्हाईक लवकर मिळते. कोऱ्याचा ग्राहक श्रीमंत पण चिकित्सक, आणि पत्राला त्या विषयातलाच माणूस गाठावा लागतो.

तिकीट अस्सल असल्याचे तज्ज्ञांचे प्रमाणपत्र तिन्हींना हवे. रॉयल फिलाटेलिक सोसायटी लंडनची तज्ज्ञ समिती १८९४ पासून हे काम करते. प्रमाणपत्रातला मजकूर शब्दन् शब्द वाचा: 'मूळ गोंदासह कोरे' आणि नुसते 'कोरे' यांत हजारोंचा फरक आहे. प्रमाणपत्र नसेल तर ते मिळाल्यावरच व्यवहार पक्का, अशी अट विक्रेत्याकडून लेखी घ्या. जुने प्रमाणपत्र पुढे केले तर त्यातल्या छायाचित्राशी हातातले तिकीट ताडून पाहा: खालच्या दोन कोपऱ्यांतली अक्षरे, चारी कडांची रुंदी, आणि क्रॉस कोणत्या रेघेला छेदतो ते.