दुर्मीळ नियतकालिकांचा वाचनकक्ष : ‘समाजस्वास्थ्य’च्या निमित्ताने

पुण्यातील एका जुन्या ग्रंथालयाने आपली दुर्मीळ नियतकालिके बाहेरच्या वाचकांनाही दिवसाला 50 रुपये शुल्क घेऊन बसून वाचण्यासाठी खुली केली आहेत. र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकासाठी मी तेथे दोन दिवस बसलो. लैंगिक शिक्षण आणि संततिनियमन यांना वाहिलेले हे मासिक जुलै 1927 ते नोव्हेंबर 1953 या काळात निघाले. त्याचे बरेचसे खंड येथे आहेत आणि मागणीची चिठ्ठी दिल्यावर दहा मिनिटांत ते टेबलावर येतात, ही मुळीच किरकोळ गोष्ट नाही.

सूचीत मात्र ते ‘आरोग्य’ या सदरात, आहारशास्त्राच्या शेजारी नोंदवलेले आहे. (संततिनियमनाच्या प्रचारापायी प्राध्यापकी गमावलेल्या कर्व्यांना याचे हसू आले असते.)

या मासिकाविषयी आपण ऐकलेले असते ते बहुधा खटल्यांपुरते. हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध यांविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना दिलेली उत्तरे अश्लील ठरवून 1934 साली कर्व्यांवर खटला चालला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली, तरीही 200 रुपये दंड झालाच. समलिंगी संबंध हा गुन्हा नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले ते 6 सप्टेंबर 2018 रोजी, म्हणजे 84 वर्षांनी. पण अंक सलग चाळताना जाणवते ते हे, की प्रश्न विचारणारे मराठी वाचक तेव्हाही होते. उणीव होती ती न लाजता उत्तर देणाऱ्यांची.

माझी खरी तक्रार बांधणीबद्दल आहे. वर्षवार खंड बांधताना मुखपृष्ठे काढून टाकलेली आहेत. मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचे चित्र छापणे हा कर्व्यांच्या भूमिकेचाच भाग होता. शरीराची लाज बाळगण्याचे कारण नाही, हे त्यांना लेखाआधी चित्रातूनच सांगायचे होते. तेवढाच भाग गाळून उरलेले जपणे म्हणजे जतन नव्हे. एक सुटा अंक मुखपृष्ठासह मिळाला खरा, पण काउंटरवरील गृहस्थांनी तो वर्तमानपत्रात गुंडाळून आणला आणि माझ्यासमोर पालथा ठेवला.

प्रकाश उत्तम, खुर्च्या कठीण, छायाप्रती दिवसाला दहाच पाने. माझ्याकडून पाचपैकी साडेतीन गुण. जाणाऱ्यांनी खंडांबरोबर सुटे अंकही आवर्जून मागावेत. ते वेगळ्या कपाटात असतात आणि विचारल्याखेरीज कोणी काढून देत नाही.