जेएमएफसी मेन्सची बॅच: औरंगपुऱ्यातला हा क्लास लावावा का?

छत्रपती संभाजीनगरातल्या औरंगपुऱ्यातला हा क्लास जेएमएफसीची तयारी करून घेतो, म्हणजे दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) व प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी या पदासाठीच्या एमपीएससी परीक्षेची. त्याच्या दोन बॅच आहेत: प्रिलिम (पूर्व परीक्षा) आणि मेन्स (मुख्य लेखी परीक्षा). प्रिलिमची लावायची गरज नाही. बेअर अ‍ॅक्ट (कायद्याचा मूळ मजकूर) आणि एमपीएससीच्या जुन्या प्रश्नपत्रिका घरी बसून नीट केल्या की भागतं. मेन्सची बॅच मात्र जरूर लावावी, कारण इथे उत्तरं खरोखर तपासतात.

दर रविवारी तीन तासांचा, शंभर गुणांचा पेपर असतो. एका आठवड्यात दिवाणी, पुढच्या आठवड्यात फौजदारी आणि त्यासोबत निबंध. गुरुवारी पेपर परत मिळतो आणि समास लाल शेऱ्यांनी भरलेला असतो. साठेखतावरच्या (जमीन-घर पुढे विकण्याच्या करारावरच्या) करारपूर्तीच्या दाव्याचाच प्रश्न घ्या, म्हणजे ठरलेला व्यवहार पूर्ण करून मागणारा दावा. बरेच जण पाठ केल्यासारखं लिहितात की पूर्तीचा हुकूम देणं हा कोर्टाचा स्वेच्छाधिकार आहे. 2018 च्या दुरुस्तीने स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्टचं कलम 10 बदललं आणि तो स्वेच्छाधिकार राहिला नाही, म्हणून त्या ओळीवर सरळ काट. वादी 'तयार व राजी' होता एवढं लिहून थांबलात तर खाली शेरा येतो: पैसे होते कशावरून? नोटीस कधी दिली? दावा किती काळात लावायचा ते सांगणारा मुदत कायद्याचा अनुच्छेद 54 लिहायचा राहिला की गुण गेलेच. करारात तारीख ठरलेली असेल तर तिथून तीन वर्षं, नसेल तर समोरच्याचा नकार कळल्यापासून.

शिकवताना दिलेली उदाहरणं आपल्याकडचीच असतात. शंभराच्या बाँडवर ताबे साठेखत (ताबा देऊन केलेलं साठेखत) करून शेत कसायला घेतलेला माणूस मराठवाड्यात गावोगाव सापडतो. 24 सप्टेंबर 2001 नंतरचं असं साठेखत नोंदणीकृत नसेल तर टीपी अ‍ॅक्टच्या (मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या) कलम 53-अ चं ताब्याला संरक्षण मिळत नाही. पण करारपूर्तीच्या दाव्यात तेच साठेखत कराराचा पुरावा म्हणून वाचता येतं. हा फरक सर फळ्यावर दोन रकाने पाडून समजावतात, आणि तो पेपरमध्ये बरोबर उतरतो.

फौजदारीच्या नोट्स मात्र कच्च्या आहेत. 1 जुलै 2024 पासून तिन्ही नवे फौजदारी कायदे लागू झाले: भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता (बीएनएसएस) आणि भारतीय साक्ष्य अधिनियम. नोट्समध्ये फक्त कलमांचे आकडे बदललेत: खुनाच्या 302 च्या जागी 103, एफआयआरच्या 154 च्या जागी 173. मजकूर जुनाच राहिला. बीएनएसएसच्या कलम 223 मध्ये खासगी फिर्यादीची दखल घेण्याआधी आरोपीला म्हणणं मांडायची संधी द्यायची आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 200 मध्ये हे नव्हतं. पोलीस तपासाचा आदेश मागणाऱ्या कलम 175(3) च्या अर्जालाही आता शपथपत्र लागतं, आणि आधी पोलीस अधीक्षकांकडे अर्ज केलेला असावा लागतो. मॅजिस्ट्रेट होऊ पाहणाऱ्याला हे माहीत नसून कसं चालेल? त्यामुळे फौजदारीसाठी क्लासच्या नोट्स बाजूला ठेवा आणि बेअर अ‍ॅक्टमधले परंतुक (कलमाला जोडलेल्या अटी-अपवाद) पेन्सिलने अधोरेखित करत वाचा. त्यासोबत भादंविही (जुनी भारतीय दंड संहिता) सोडू नका, 1 जुलै 2024 आधीच्या गुन्ह्यांना तीच लागू आहे.

वेळ संध्याकाळी सहाची आहे. शहरात प्रॅक्टिस करणाऱ्या ज्युनिअरला कोर्ट सुटल्यावर गाठता येते. पैठण, गंगापूरकडच्यांना रोजचं येणं-जाणं अवघड, त्यांनी नुसती टेस्ट सिरीज घ्यावी. उत्तरं स्कॅन करून पाठवली तरी तेवढ्याच कसून तपासली जातात. मराठीत लिहिणाऱ्यांचे पेपर दुसरे सर तपासतात, आणि कायद्याचे मराठी शब्द चुकले तर तेही दुरुस्त करतात. हे फार कमी ठिकाणी होतं.

सगळ्यात खटकणारी गोष्ट प्रवेशाच्या वेळची. एलएलबीच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांनाही 'लगेच फॉर्म भरता येईल' असं सांगून पूर्ण फी घेतली जाते. सर्वोच्च न्यायालयाने 20 मे 2025 च्या निकालात तीन वर्षं वकिलीची अट परत आणली आहे, आणि हे त्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगायला हवं. ही मुदत बार कौन्सिलच्या तात्पुरत्या सनदेपासून (वकील म्हणून नोंदणीपासून) मोजतात. वकिली केल्याचा दाखला लागतो तो जिथे वकिली केली त्या कोर्टाच्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याचा, किंवा किमान दहा वर्षं वकिली झालेल्या वकिलाचा आणि त्यावर त्या अधिकाऱ्याचा शेरा. म्हणून पहिल्या वकीलपत्रापासून प्रत्येक केसचा नंबर, तारीख आणि कोर्ट एका वहीत लिहीत जा, आणि जमेल तिथे रोजनाम्याची (कोर्टातल्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीची) नक्कल काढून ठेवा.