जोकोविच: थांबावं की खेळत राहावं?

कुस्तीच्या सांगलीत हा प्रश्न नवा नाही. गुडघा गेलेला पैलवान आखाड्यात उतरला की जुनी माणसं आधी त्याच्या पायांकडे बघतात. आमच्या टेनिस कोर्टावर पहाटे हाच विषय निघतो, फक्त नाव जोकोविचचं.

थांबण्याच्या बाजूला फेडरर आहे. गुडघ्यावर वारंवार शस्त्रक्रिया, 2021 च्या विम्बल्डनमध्ये हुरकाझविरुद्ध शेवटचा सेट 0-6, आणि 2022 मध्ये निरोप. तो सेट मला आजही बघवत नाही. पुढचं आयुष्य धड पायांनी चालायचं तर वेळेवर थांबलेलं बरं, हे पटतं.

खेळत राहण्याच्या बाजूला खुद्द जोकोविचच. जन्म 1987 चा, 24 ग्रँड स्लॅम विजेतेपदं. जून 2024 मध्ये उजव्या गुडघ्याच्या मेनिस्कसची (सांध्यातल्या कूर्चेच्या गादीची) शस्त्रक्रिया. पुढच्याच महिन्यात विम्बल्डनची अंतिम फेरी, ऑगस्टमध्ये अल्काराझला हरवून ऑलिंपिक सुवर्ण. 2025 च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये मांडीच्या स्नायूने दगा दिला, उपांत्य सामना एका सेटनंतर सोडावा लागला. तरी त्या वर्षी चारही ग्रँड स्लॅमची उपांत्य फेरी त्याने गाठलीच. अडचण पाच सेटच्या सामन्यांची: त्यानंतर या वयात शरीर लवकर सावरत नाही, आणि समोर तरणीबांड पोरं उभी.

मला दुसरी बाजू जड वाटते. स्पर्धा कमी कराव्यात, मोठ्या तेवढ्या खेळाव्यात. (नदालने 2022 ची फ्रेंच ओपन पाय इंजेक्शनने बधिर करून जिंकली, ते मात्र कुणी करू नये.) अशा माणसाला घरी बस म्हणायला माझी जीभ रेटत नाही.